बाजंखालची शेगडी

८ डिसेंबर

जावईबापू आले! हातात पेढे न्हायीत, लेकराला आंगडं न्हाय — साबणाच्या वडीएवढं पांढरं मशीन. म्हणलं, "पाव्हणं, आठ दिसाच्या लेकराला मोबाईल व्हय?" मल्हार लाजला. लई लाजतंय, म्हणून तर छेडाव वाटतंय!

म्हणला, "मामी, अक्षदाला शेकाला बाजंखाली शेगडी ठिवता. दार-खिडकी लावल्याली. कोळशाचा गॅस कोंडतो, वास येत न्हाय, माणूस झोपंतच जातंय. ह्ये मशीन आधी वराडतंय. खोलीतनं हलवू नका."

म्हणलं, "वराडायला म्या हाय की घरात. आनखी एक कशाला?"

अक्षदा पोट धरून हसली. "आई, टाकं दुखतेत गं!"

१० डिसेंबर

वराडलं! लेकरू दचकून उठलं. मल्हारला फोन केला तर त्योच वराडला — "आधी शेगडी भाईर, दार उघडा!" उघडलं. अक्षदाचं डोस्कं सकाळधरनं दुखायलं हुतं, ते थांबलं.

पण बाळंतिणीला वारं लागलं तर? दुपारी खिडकी परत लावली.

१३ डिसेंबर

मशीनला बटन हाय. दाबलं की उगीच वराडतंय! मज्जा.

१८ डिसेंबर

उद्या येळवस, रानातल्या पूजेची आमुशा. शेजारच्या गजराबाईकडं बाया बाजरीचे उंडे करायला जमल्या हुत्या. म्या शेगडी फुलवली, बाजंखाली सारली. अक्षदा पडली हुती, लेकरू कुशीत. मशीन कमरंला खोसलं, दार लावलं अन् गेले. आत्ता येते म्हणून.

बायांना सांगितलं, जावयानं खोटं वळखायचं मशीन आणलंय. गजराबाईला इचारलं, "रेवणप्पा दाजींना कधी शिळी भाकर ताजी म्हणून घातलीस का?"

"न्हाय बया! देवाशपथ!"

बटन दाबलं. वराडलं! बाया पिठात लोळल्या. मग हिला इचार, तिला इचार. म्या बसलेच. लई दिसांनी इतकं हसले.

घरी आले तर अक्षदा हाकंला ओ देईना. उशाला वकल्याली. लेकरू ढिलं पडलेलं. शेगडी लाथंनं भाईर ढकलली. गजराबाई धावली, तिच्या दिरानं जीप काढली.

दवाखान्यात दोघांच्या तोंडावर आक्सिजन. मशीन माज्या कमरंलाच हुतं. चांगलं, सेलासकट.

१९ डिसेंबर

लेकरू रडलं. डॉक्टर म्हणले, त्याला भ्या न्हाय. अक्षदा डोळं उघडंना.

मल्हार रातच्या गाडीनं आला हुता. दुपारी व्याही आले. वीरभद्र व्याह्यांनी सगळ्यांदेखत इचारलं, "मशीन हुतं की खोलीत? मग वाजलं का न्हाय?"

म्या मशीन पदराआड घेतलं.

मल्हार खाली बघत म्हणला, "माजी चूक, आण्णा. स्वस्तातलं आणलं. बिघडलं आसंल."

व्याही त्याला नको नको ते बोलले. बायकोचा जीव घ्यायला निघालास म्हणले. त्यो उभा, भिताडावानी. अन् म्या? पदरात मशीन गच्च धरून बसले. तोंडाळ बाई म्हणत्यात मला गावात!

२० डिसेंबर

आजबी न्हाय बोलले.

२१ डिसेंबर

अक्षदानं पाणी मागितलं! मग लेकरू मागितलं. त्याच्या टाळूवर हात ठिवून मला म्हणली, "आई, मशीन का गं वाजलं न्हाय?"

म्या तिच्या पायावरची चादर नीट केली. नीटच हुती.

२३ डिसेंबर

परवा सुट्टी. व्याही म्हणतेत सून-लेकरू थेट आमच्याकडं, अन् पोरानं आता मशीनबिशीनचं शहाणपण शिकवायचं न्हाय. कोळसा फुलवायला मल्हारची आई हाय म्हणले.

म्हंजे तिथंबी दार बंद, शेगडी बाजंखाली. अन् मशीन न्हाय. माज्या गप बसण्यापायी.

सकाळीच बोलायचं. कुणी तोंडावर थुकलं तरी चालंल.

२४ डिसेंबर

आधी मल्हारला सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर. बटन दाबून दाखवलं. वराडलं. म्हणलं, "चल, आता तुज्या आण्णांपुढं सांगते."

त्यो म्हणला, "ठावं हाय, मामी. गजरामावशी मला पहिल्याच सकाळी रडत रडत बोलली. आण्णा यायच्या आधी."