पेंढ्याचा वास

ता. ३ एप्रिल

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

आपल्या म्हाताऱ्या गाईचे दात झिजलेत, तिला पेंढा चाववत नाही, आणि असंच चाललं तर काका तिला विकणार, हे वाचून घास गोड लागेना. आमच्या चारा प्रयोगशाळेत पेंढ्यावर युरियाचं पाणी शिंपडून त्याची गंज रचतात आणि ती तीन आठवडे हवाबंद झाकतात. पेंढा मऊ पडतो, अंगीही लागतो. माप सोबत लिहिलंय. मी दोनदा तपासलं, काकांना तिसऱ्यांदा तपासू दे. ते पाणी गाईच्या तोंडाला लागू देऊ नकोस. गंज उघडलीस की पेंढा रात्रभर पसर, मगच साध्या पेंढ्यात थोडाथोडा मिसळून घाल.

लोभ तुझा असावा; काळजी मी करतेच.

तुझी,
काळजीवाहू

ता. २८ एप्रिल

चि. काळजीवाहूस,
अनेक आशीर्वाद.

गंज उघडली आणि डोळ्यांना धारा लागल्या! अंगणात पसरला, तर शेजारीण नाक दाबून दारात. म्हणाली, हा गोठा आहे की दवाखाना? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळा गोळा करून पुन्हा घट्ट झाकला. सकाळी घातला, तर म्हातारीने हुंगून तोंड फिरवलं. काका म्हणाले, झालं पुतणीचं शास्त्र! पुढच्या शनिवारी गिऱ्हाईक येतंय. काय चुकलं गं?

तुझी काकू

ता. ३० एप्रिल

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

अगं, पसरायचा तो वास उडायलाच! तू तो पाहुण्यांपासून पसारा लपवावा तसा कोंडलास. पुन्हा पसर. शेजारणीला सांग, पुतणीने अत्तर पाठवलंय. पत्र वेळेत पोचावं म्हणून जलद टपालाने धाडतेय. पोचेल ना?

लोभ असू दे, लाज सोड.

तुझी,
काळजीवाहू

ता. ८ मे

चि. काळजीवाहूस,
अनेक आशीर्वाद.

पोचलं. पसरला. शेजारणीने धाडधाड खिडक्या लावल्या; लावू देत. म्हातारीने पहिल्या दिवशी नखरे केले, तिसऱ्या दिवशी टोपली चाटली. तेव्हापासून काका स्वतः पेंढा पसरतात, नाकाला रुमाल बांधून. शनिवारी गिऱ्हाईक आलं आणि विचारू लागलं, हा वास कसला? काकांनी रुमाल सोडून खिशात घातला. म्हणाले, वास? मला तर नाही येत. आणि गाय विकायची नाही, ती जेवतेय.

आता नव्या गंजीसाठी काका माप पुन्हा विचारतायत. लोभ वाढव, काळजी थोडी कमी कर.

तुझी काकू