विरजणाची भावकी

३ फेब्रुवारी
क्रांती चौकातल्या आपल्या दही-लस्सीच्या दुकानात विद्यापीठातली विशाखा आली. शहरभरच्या दह्यातले जंतू गोळा करते. जीन तपासून कोणता जंतू कुणाच्या भावकीतला ते सांगते. देवानंच धाडली. समोरच्या दुकानातला सांडू आपलंच विरजण चोरून ‘असली दही’ विकतो. आता सायन्सनं सिद्ध होईल. मग वकील. बायको, लीला, गेल्यापासून तसं दुसरं काम नाही.

४ फेब्रुवारी
नमुना दिला. सांडूचाही घ्यायला लावला. शिवाय वेरूळहून, लीलाच्या माहेरचा. विरजण तिनं लग्नात तिकडूनच आणलेलं. आयडिया माझी. विशाखा म्हणाली, काका, तुम्ही सायंटिस्ट व्हायला पाहिजे होतं.
व्हायला पाहिजे होतं.

९ फेब्रुवारी
माझे कान तिखट. स्वयंपाकघरात सून सुरेखा ऋतुराजला म्हणत होती, मामांना कळलं तर? पोरगा म्हणाला, नाय कळत.
वाढदिवस जवळ आलाय. शर्ट आणत असतील.

१२ फेब्रुवारी
बोर्ड करायला टाकला: ‘लीलाबाईंचं मूळ विरजण. सायन्सनं सिद्ध.’ सांडूला भर रस्त्यात चोर म्हणालो. तो म्हणे, रामकिसनभाऊ, वहिनींनीच वाटी भरून दिली होती. लई खोटारडा. लीला मला विचारल्याशिवाय कुणाला काही देत नव्हती.

१८ फेब्रुवारी
वाढदिवस. शर्ट नाही.

२१ फेब्रुवारी
विशाखा घरी आली. सांडूचं आणि वेरूळचं विरजण एकाच भावकीतलं. आपलं परकं. बाजारातल्या पाकिटाच्या दह्याचं. म्हणालो, डब्या बदलल्या असतील.
सुरेखा रडायला लागली. सुतकात घरी चूल नव्हती, जेवण भावकीतून यायचं. दही कुणी लावलंच नाही. विरजण नासलं. मामा, तुमच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, म्हणून पाकीट आणलं, म्हणाली.
तेव्हापासून रोज जेवताना म्हणतोय, लीलाची चव. गिऱ्हाइकांनाही तेच.
काही वाटलं नाही. दुपारी दुकान उघडलं. लस्सी बरी खपली.

२२ फेब्रुवारी
बोर्डवाल्याचा फोन. उचलला नाही.
संध्याकाळी लीलाची वाटी घेऊन रस्ता ओलांडला. सहज. क्वालिटी चेक करायला. सांडूनं वाटी हातातून घेतली. काठोकाठ भरली. म्हणाला, वहिनी एवढीच द्यायच्या.
घरी येऊन चाखलं. आंबट आहे. लीलाचं वाटत नाही.
सुरेखाला दूध कोमट करायला सांगितलं.