तीन पायांचा बेडूक आणि दहा युक्त्या

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ६.१०. गंगापूर रोड, नाशिक.

ही वही माझी. कोणाला दाखवायची नाही. हिला तर नाहीच.

आज व्हिएतनामला निघतोय. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलीने, हर्षालीने, टूर बुक करून दिली. मी म्हटलं, कशाला, सापुतारा आहे की. ऐकत नाही.

माझं जाण्याचं कारण वेगळं आहे. २३ तारखेला दुपारी चारला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात माझं व्याख्यान आहे. विषय: परदेशी बाजारात न फसण्याच्या दहा युक्त्या. सचिव नवनाथरावांनी फळ्यावर लाल खडूने लिहूनही टाकलंय. संघातली मंडळी दुबईला जातात, सिंगापूरला जातात आणि फसून येतात. आयुष्यभर फाइली सरकवल्या, त्यांना भाव काय कळणार? मी पिंपळगावच्या मार्केट यार्डात बत्तीस वर्षं कांद्याचा लिलाव पुकारला. व्यापाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगायचो, हा अजून किती वर जाईल.

ही बॅगेत ठेचा, दशम्या, चिवडा भरतेय. इंग्रजी शून्य, हिंदी बेताचं. विचारत होती, आपल्या वेदिकाला एखादं रेशमी काही आणू का हो? म्हटलं, नातीला जरूर आणू. तू फक्त बोट दाखव. भाव मी करीन.

संकल्प: रोज लिहायचं. रोज निदान एक युक्ती. हिने एकटीने काहीही विकत घ्यायचं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी. दा नांग. संध्याकाळ.

पोचलो. समुद्र आहे. समुद्र सगळीकडे सारखाच.

ग्रुपमध्ये चौदा जण. गाइड तुआन नावाचा हसरा पोरगा. इतका हसतो म्हणजे कमिशन असणार. विंचूरचं एक जोडपं आहे, महेश आणि पायल. तो तिथल्या वाइन पार्कात नोकरीला. मला बघताच म्हणाला, अहो, तुम्ही निरगुडेकाका ना? लहानपणी वडिलांबरोबर ट्रॅक्टरवर बसून तुमचा लिलाव ऐकलाय मी! काय आवाज होता काका! चार लोकांसमोर म्हणाला ते बरं झालं. पण पोरगा आगाऊ वाटतो.

इथे नोटा लाखांत. विमानतळावर पैसे बदलले आणि आयुष्यात प्रथमच लखपती झालो. कॉफी चाळीस हजारांना. तीही अंडं घालून. या लोकांना कॉफी करता येत नाही म्हणून अंडं घालतात. मी प्यायलो नाही. हिने प्यायली. वर मिशा आल्या तिला फेसाच्या. पायलने फोटो काढला. दोघी हसत बसल्या.

युक्ती १: चेहरा कोरा ठेवा. आवडलं तरी आवडलं असं दाखवू नका. (मला तर काहीच आवडत नाही, त्यामुळे सोपं आहे.)

मंगळवार, ११ फेब्रुवारी. रात्री जेवणाआधी.

डोंगरावर नेलं. दगडी दिसणारे दोन मोठे हात आणि त्या हातांवर पूल. जगभरातून लोक हे हात बघायला येतात. मी तुआनला सांगितलं, आमच्या पांडवलेण्यातले दगड खरे आहेत, दोन हजार वर्षांचे. तो म्हणाला, यस यस, व्हेरी नाइस. काही कळलं नसणार.

वर जायला रोपवे. सगळे आ वासून बसलेले. आमच्या सप्तशृंगी गडावर ट्रॉली आहे, आम्ही कधी आ वासला नाही.

ढग खाली आणि आपण वर, असं झालं तेव्हा हिने माझा हात धरला. म्हणाली, अहो, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ढग वरून बघतेय. मी म्हटलं, विमानातून नाही का दिसले? म्हणाली, तेव्हा खिडकीशी तुम्ही बसला होतात.

युक्ती २: दुकानदाराने पहिला भाव सांगितला की मोठ्याने हसा. आज टोपीवाल्यावर करून पाहिली. तोही हसला. मग दोघं हसत राहिलो. टोपी घेतली नाही. नैतिक विजय.

बुधवार, १२ फेब्रुवारी. होई आन. दुपारी ३.

जुनं गाव. कंदीलच कंदील. आपल्याकडे दिवाळीत एका गल्लीत याहून जास्त असतात आणि कोणी तिकीट लावत नाही.

बाजारात रेशमी स्टोलचं दुकान. बाईने भाव सांगितला. मी हसलो (युक्ती २). मग एक चतुर्थांश सांगितला आणि तोंड फिरवून निघालो. युक्ती ३: निघून जा. दुकानदार मागून हाक मारतोच.

गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. हाक नाही. सावकाश परत आलो, चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं केलं, पुन्हा निघालो. हाक नाही. तिसऱ्या वेळी बाईने हात हलवून बाय केलं. ही माणसं धंद्याला नालायक आहेत. यार्डात एक दिवस टिकणार नाहीत.

हिला शोधायला अर्धा तास लागला. ही भाजीबाजारात, एका म्हातारीशेजारी पाटावर बसलेली! लसूण सोलत होती. ती व्हिएतनामीत बोलतेय, ही मराठीत. म्हणे, तिची कंबर धरलीय हो, वाकता येत नाही, म्हणून म्हटलं जरा हात लावावा. म्हटलं, अगं आपण फॉरेनला लसूण सोलायला आलोय का? म्हणाली, मग तुम्ही तीनदा गल्ली मोजायला आलाय का? म्हणजे बघत होती.

मग म्हातारी उठली, हिचा हात धरून त्याच स्टोलवालीकडे घेऊन गेली. ती तिची सून निघाली. हिला बारा स्टोल दिले. भाव? मी सांगितलेल्या चतुर्थांशापेक्षाही थोडा कमी. वर एक लहान कंदील फुकट.

हे माझ्यामुळेच झालं. तीनदा निघून जाऊन मी त्या बाईला आतून खचवली होती. ही फक्त योग्य वेळी पोचली. हिला तसं समजावून सांगितलं. म्हणाली, हो का? आणि कंदील बघत बसली.

युक्ती ४: युक्ती ३ चा परिणाम उशिरा होतो. धीर धरा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. दुपारी १.३०. घाईत.

खरेदी केली. मोठी. संगमरवराची. सविस्तर नंतर. व्याख्यानाचा मुख्य मुद्दा हाच. आज भाव कसा जिंकतात ते सगळ्या ग्रुपने पाहिलं.

तोच दिवस. संध्याकाळी ६.

सविस्तर.

संगमरवराच्या डोंगराखाली मूर्तींची दुकानं. आत एक बेडूक. पांढरा, तोंडात नाणं, बसलेला. तुआन म्हणाला, घरात ठेवला की लक्ष्मी येते. मला नको होता. महेशने सहज विचारलं, किती? दुकानदारीण म्हणाली आठ लाख डाँग. महेश म्हणाला पाच.

आणि माझ्या तोंडातून निघालं: सहा!

का ते माहीत नाही. पाच ऐकल्यावर सहा येतंच. बत्तीस वर्षं आलंय. महेशने माझ्याकडे पाहिलं. गालातल्या गालात हसला. म्हणाला, सात. मी म्हटलं, साडेसात! तो म्हणाला, काका, नऊ. माझा आवाज लागला. अकरा! बारा! पंधरा! ग्रुप गोळा झाला. पायल मोबाइल वर धरून उभी होती, फोटो काढत असेल. दुकानदारीण तोंडावर हात ठेवून खाली बसली. ही मागून शर्ट ओढत होती. अहो, ती आठच म्हणालीय! अहो, आठ! लिलाव चालू असताना शर्ट ओढायचा नसतो, हे हिला इतक्या वर्षांत कळलं नाही.

पंचवीस म्हणून महेशने हात जोडले. मी सव्वीस म्हटलं आणि स्वतःच पुकारलं, सव्वीस एक वार, सव्वीस दोन वार, सव्वीस तीन वार! टाळ्या पडल्या. असा आवाज निवृत्तीनंतर लागलाच नव्हता.

महेश हरला हे महत्त्वाचं.

बिल झाल्यावर लक्षात आलं, बेडकाला तीनच पाय. फुटका माल! मी भांडलो. दुकानदारीण मला फडताळाकडे घेऊन गेली. तिथले सगळे बेडूक तीन पायांचे. ही म्हणाली, अहो, जातच तशी आहे त्यांची. चला आता.

युक्ती ५: वस्तूचे पाय आधी मोजा.
युक्ती ६: ओळखीच्या माणसाबरोबर खरेदीला जाऊ नका.

तोच दिवस. रात्री ९.

वजनही आधी करा. (युक्ती ७.) नऊ किलो आहे.

रुपयांत साधारण साडेआठ हजार. आठ लाखांचा माल सव्वीसला, असं मूर्ख माणूस म्हणेल. उलट बघा: महेश पंचविसापर्यंत गेला, म्हणजे बाजारभाव पंचवीस ठरला. मी फक्त एक जास्त दिला. हे संघात नीट मांडायचं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. सकाळी ११.

टोपलीच्या होड्या. गोल, वेताच्या, नारळाच्या झाडांतून जातात. द्राक्षं भरायच्या पाट्या आमच्याकडे याहून मजबूत असतात. मी बसलो नाही. बेडूक हॉटेलवर ठेवायचा भरवसा नव्हता म्हणून बरोबर आणलाय, त्याला कोण सांभाळणार?

ही म्हणाली, या ना हो, एकदाच. म्हटलं, जा तू. म्हणाली, बरं, बसा दोघं.

काठावरून दिसत होती. नावाडी होडी गरगर फिरवत होता आणि ही ओरडत होती, अजून फिरव रे, अजून! सत्तावन्न वर्षांची बाई. इतकी मोठ्याने हसते हे मला माहीत नव्हतं. ऊन फार होतं. बेडूक तापला.

शनिवार, १५ फेब्रुवारी. विमानतळ.

बॅग नऊ किलोने जास्त. काउंटरवरची मुलगी ऐकेना. मी हसलो. मग निघून गेलो. हाक आली नाही, विमान मात्र निघायचं होतं, म्हणून परत आलो.

शेवटी बेडूक हातात घ्यावा लागला. हातातल्या पिशवीचं वजन भरलं, तेव्हा हिने बाराच्या बारा स्टोल अंगावर चढवले. लक्ष्मी बेडूक नाही, हीच दिसत होती. (हे व्याख्यानात घ्यायचं नाही.) तपासणीच्या यंत्रातून बेडूक निघाला तेव्हा चार पोलीस जमले. एकाने त्याच्या डोक्यावर हात फिरवला. नाणं पडलं. यंत्राखाली गेलं. मिळालं नाही.

युक्ती ८ सुचली होती. विसरलो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी. नाशिक.

बेडूक टीव्हीशेजारी ठेवला. कामाला येणाऱ्या अंबूबाईंनी विचारलं, काका, याचा पाय कुठं मोडला? चिडायचं नाही असं ठरवलंय.

दुपारी फोनवर एक व्हिडिओ. पायलने काढला होता. फोटो नव्हते काढत ती. तिने टूरच्या ग्रुपवर टाकला, हिने हर्षालीला पाठवला, हर्षालीने सगळ्या नातेवाइकांना. खाली लिहिलंय, 'आमचे पप्पा भाव कमी करताना.' सगळ्यांचे हसून रडणारे चेहरे. संघाच्या ग्रुपपर्यंत पोचणार नाही. तिथल्या कोणाला व्हिडिओ उघडता येत नाहीत.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

उघडता येतात.

सकाळी फिरायला गेलो तर तीन जण लांबून ओरडले, निरगुडे, सव्वीस एक वार! संघात गेलो. फळ्यावर लाल खडूने: 'सौ. विमलाबाई निरगुडे यांच्याशी गप्पा. परदेशातला बाजार.' खाली बारीक अक्षरात: आभारप्रदर्शन: श्री. पुंजाराम निरगुडे.

नवनाथराव म्हणाले, गैरसमज नको, निरगुडे. महिला मंडळाचा आग्रह पडला, व्हिडिओत शर्ट ओढणाऱ्या वहिनींनाच ऐकायचंय म्हणे. मी म्हटलं, छे, मीच तिला पुढे करणार होतो. उत्तेजन म्हणून.

ही म्हणाली, मी काय बोलू हो? नाही म्हणून सांगते त्यांना. मी म्हटलं, बोल की. माझ्या वहीतल्या युक्त्या देऊ का? म्हणाली, नको, चपलेचा पट्टा मला नाही जमायचा.

माझी वही वाचते की काय?

रविवार, २३ फेब्रुवारी. रात्री.

कार्यक्रम झाला. गर्दी. माझ्यासाठी आलेली असणार, निरोप पोचला नसेल.

ही सात मिनिटं बोलली. एकही युक्ती नाही. म्हणाली, म्हातारीची कंबर दुखत होती, मी लसूण सोलला. मग ढगांचं सांगितलं. मग टोपलीहोडीचं. बायकांनी डोळे पुसले, का ते कळलं नाही. वेदिकाचा सोडून अकरा स्टोल तिने टेबलावर मांडले आणि म्हणाली, संघाला खुर्च्या हव्यात ना, यातून घ्या. नवनाथराव म्हणाले, मग लिलावच करू. पुकारणारा घरचाच आहे!

उभा राहिलो. आवाज लागला. अकराच्या अकरा स्टोल असे चढवले की खुर्च्यांबरोबर पंखाही येईल. सगळे टाळ्या वाजवत होते. वाटलं, झालं, फिटलं सगळं.

तेवढ्यात मागून कोणी म्हणालं, बेडूक पण काढा की, निरगुडे!

तो त्यांनी आधीच आमच्या घरून आणून ठेवला होता. हिने दिला होता.

मी साडेआठ हजारांवर पुकारलं. बोली नाही. सात. पाच. तीन. हजार. बत्तीस वर्षांत माझ्या तोंडून भाव कधी खाली आला नव्हता. पाचशे. दोनशे. शंभर. लोक आता हसतही नव्हते, ते जास्त वाईट.

मागून आवाज आला, अकरा रुपये.

हीच. हात वर करून बसलेली. म्हणाली, बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटतं, अडवायला होईल.

एकच बोली असली तरी ती बोली असते. हा नियम यार्डात मीच लोकांना सांगायचो. अकरा एक वार. अकरा दोन वार. सगळीकडे पाहिलं. अकरा तीन वार.

मग आभार मानले.

बेडूक दाराला लावलाय. दार आपटत नाही.

अकरा रुपये तिने माझ्या पाकिटातून दिले. पावती तिच्या नावाची आहे.