कोणाची हरकत?

३ फेब्रुवारी

झालं! कलम मुख्य मजकुरात आलं. परिशिष्टात नाही — मुख्य मजकुरात! परिशिष्टातलं कलम म्हणजे माळ्यावर टाकलेली शिडी. आहे म्हणायची, काढतं कोण? दोन वर्षं या एका गोष्टीसाठी फोनचे नियम ठरवणाऱ्या त्या समितीत बसतेय. बाकी सगळे दूरसंचारातले इंजिनिअर. आणि मी, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी बाई — 'वापरणाऱ्यांची प्रतिनिधी'.

कलम एवढंच: ज्याला ऐकू येत नाही तो फोनवर टाइप करून बोलतो, तर त्याचं प्रत्येक अक्षर त्याच क्षणी पलीकडे दिसलं पाहिजे. आत्तासारखं 'पाठवा' दाबेपर्यंत कोरा पडदा नको.

आता अठ्ठावीसला शेवटची बैठक. तिथे मतदान नसतं. अध्यक्ष विचारतात, "कोणाची हरकत?" टेबलाभोवती नजर फिरवतात. कोणी बोललं नाही की पाण्याच्या ग्लासवर पेन वाजवतात — टण्! मंजूर. मग प्रत्येक नव्या फोनला ते लागू, आणि पुढची पाच वर्षं त्याला कोणी हात लावायचा नाही.

निघताना जिन्यात कोटवाला भेटला. फोन बनवणाऱ्या कंपन्यांतर्फे येतो, उकाड्यातही कोट उतरवत नाही. कलम परिशिष्टात ढकलायला सगळ्यात जास्त तोच झटला होता. हरला तरी हसत होता. "बाई, एक विचारू? तुम्हाला तर छान ऐकू येतं. ज्यांच्यासाठी भांडलात त्यांना विचारलंत ना?"

"माझा सख्खा भाऊ आहे," मी म्हटलं.

हे उत्तर नव्हतं. त्याच्याही लक्षात आलं असावं.

४ फेब्रुवारी

कोटवाल्याचा प्रश्न भिंगावरच्या बोटाच्या ठशासारखा झालाय. पुसावा तेवढा पसरतो.

९ फेब्रुवारी

धाकट्या भावाकडे गेले. दार आमच्या वडिलांनी, आप्पांनी उघडलं. "या या, मंत्रीणबाई! आज इकडे कसा दौरा?" समितीवर गेल्यापासून माझं हेच नाव. बोलता बोलता धाप लागली त्यांना. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आप्पांच्या छातीत कळ आली होती तेव्हा घरात धाकटा एकटाच. त्याने तातडीच्या नंबरवर टाइप करायला घेतलं. पलीकडच्या बाईला काही दिसेना, काही ऐकू येईना. कोरा कॉल समजून तिने बंद केला. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून आप्पा आज मला मंत्रीणबाई म्हणायला आहेत. पुन्हा कळ आली तर? हाच प्रश्न घेऊन मी समितीत गेले. तो अजून तसाच उभा आहे.

धाकट्याला बातमी सांगितली. म्हणजे हातांनी, आमचं बोलणं हातांचंच. वाटलं, उडी मारेल. त्याचे हात मध्येच थांबले.

"सगळी अक्षरं दिसणार? खोडलेली पण?"

"हो! म्हणजे पलीकडे कळेल ना, माणूस आहे म्हणून."

"नको."

मला वाटलं, मीच चुकीचं वाचलं. त्याने पुन्हा केलं. नको.

हातांची भाषा त्याची स्वतःची. लिहायची भाषा शाळेत जबरदस्तीने शिकलेली, अजून अंगाला नीट बसत नाही. वाक्याची शेपटी पुढे येते, डोकं मागे जातं. त्याला ते माहीत आहे, म्हणून तो एक ओळसुद्धा तपासून तपासून पाठवतो.

"मी घरांचे नकाशे काढतो," तो म्हणाला. "साहेबाला पुरा झालेला नकाशा देतो. माझी खोडाखोड कोणी बघत नाही. त्या दिवशी पण मी खोडत होतो. चुकीचं लिहिलं तर ती बाई म्हणेल, दारुडा आहे. फोन ठेवेल."

"तिने तसाही ठेवलाच की!"

हे मी बोलून गेले. बोलायला नको होतं. त्याने मग हनुवटीवर बोट टेकवलं — माझ्या तिळाची खूण, त्याच्या भाषेतलं माझं नाव. "ताई, तू मला विचारलंस कधी?"

समितीने चाचणीसाठी दोन फोन दिले होते, अक्षर अक्षर दाखवणारे. एक माझ्याकडे आहे, एक त्याला दिला होता. त्याच्या ड्रॉवरमध्ये पडलाय. डब्यावरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही.

१० फेब्रुवारी

दिवसभर दुकानात तेच वाक्य माझ्या तोंडी. "हे बरं दिसतंय, की हे? आधीचं की आत्ताचं?" अनोळखी माणसालासुद्धा एका भिंगासाठी दहादा विचारते.

आणि त्याला एकदाही नाही!

१४ फेब्रुवारी

काय करू? कलम मागे घेऊ? मग आप्पांचं काय? आणि पुढे कोणाचे तरी असेच आप्पा असतील, त्यांचं काय? कलम तसंच रेटू? मग मी प्रतिनिधी कोणाची — माझ्या धास्तीची?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, त्यालाच घेऊन जा की बैठकीला. सोपं आहे." सोपं! त्याने तिथे 'नको' म्हटलं की कोटवाल्याला आयतंच सापडेल. "बघा, वापरणाऱ्यांनाच नकोय," म्हणेल आणि कलम सरळ परिशिष्टात. दोन वर्षांवर पाणी.

तरी अध्यक्षांना फोन केला. "आणा की," म्हणाले. "इतकी वर्षं इंजिनिअरांचीच तोंडं बघतोय. भिंतीवर पडदा लावतो, त्यांनी लिहून पाठवलं की सगळ्यांना दिसेल."

१५ फेब्रुवारी

धाकटा यायला तयार. पण अट आहे. "तिथले लोक काय बोलतात ते तू हातांनी सांग. माझं बोलणं तू बोलायचं नाहीस. एक शब्द नाही." कबूल केलं.

२१ फेब्रुवारी

आप्पांच्या पायांना सूज. डॉक्टर म्हणतात, वाट बघू. वाट बघणं एवढंच येतं मला आताशा, आणि तेही नीट जमत नाही.

२८ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहून ठेवते.

धाकटा इस्त्रीचा सदरा घालून आला होता. मी त्याच्यासमोर बसले, म्हणजे माझे हात त्याला दिसतील. अध्यक्षांनी स्वागत केलं, कोणीतरी बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली. मग कलमं भराभर. हरकत? — टण्. हरकत? — टण्. तिथली चालच ती.

आमचं कलम आलं. वाचून झालं. अध्यक्ष म्हणाले, "कोणाची हरकत?" मी हातांनी धाकट्याला सांगितलं. त्याने मान खाली घातली आणि टाइप करायला लागला. अंगठे चालले, थांबले, मागे गेले. खोडत होता. पुन्हा लिहीत होता. भिंतीवरचा पडदा कोराच!

अध्यक्षांनी नजर फिरवली. खरंच सगळीकडे फिरवली, त्यांची काही चूक नाही. एक माणूस मान खाली घालून बसलेला दिसला असेल, बस. कोटवाला स्वतःच्या फोनमध्ये. मला मात्र दिसत होतं. "थांबा, तो लिहितोय," एवढंच म्हणायचं होतं.

टण्!

मंजूर. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली, माझ्याकडे बघून. पुढचं कलम अर्धं वाचून झालं तेव्हा भिंतीवर उमटलं: 'मला हरकत आहे. खोडलेलं दाखवायचं का मी ठरवणार.'

अध्यक्षांचा चेहरा पडला. "अरेरे... पण ते तर झालं." धाकट्याने फोन खिशात घातला आणि उठून गेला.

जिन्यात कोटवाला. आज हसत नव्हता. "बाई, तुम्ही समोरच होतात. तुम्हाला दिसत होतं ना?"

मी वचन दिलं होतं, एक शब्द बोलणार नाही म्हणून. हे खरं आहे. पण गप्प बसल्याने माझंच कलम पास होणार होतं, हेही खरं. टण् व्हायच्या आधी यातलं कोणतं मनात होतं? खूप शोधतेय. दोन्ही एकाच जागी सापडतात.

२ मार्च

धाकटा उत्तर देत नाही. आप्पा फोनवर म्हणाले, "काय गं, काय केलंस त्याला? जेवतोय, पण ताटाशी भांडल्यासारखा."

४ मार्च

अध्यक्षांना भेटून सगळं सांगितलं. तो लिहीत होता, मला दिसत होतं, मी मूग गिळून बसले. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "इतिवृत्त अजून मंजूर व्हायचंय, तोवर कलम उघडता येतं. पण उघडलं की माझ्या हातात राहत नाही, बाई. पार निघूनही जाईल. चालेल?"

चालेल म्हटलं. आणि प्रतिनिधीची खुर्ची त्याला द्या, असंही म्हटलं. आप्पांची सूज उतरलेली नाही, आणि मी त्यांच्याच दाराची कडी काढून आले.

६ मार्च

कलम चौदाला पुन्हा उघडणार, खुर्ची तुझी, असं कळवलं होतं. धाकट्याचा निरोप. एकच ओळ. 'जातो मी. तू आत नको.'

११ मार्च

अध्यक्षांचा फोन आला होता. "तुमच्या भावाने एक अट कळवलीय. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचं अक्षर अक्षर दिसलं पाहिजे, लिहीत असतानाच. खोडलं तर खोडलेलंसुद्धा. हे तेच ना हो, जे त्यांना नको होतं?"

बैठकीत कळेल, असं काहीतरी पुटपुटले. मला काय कळणार!

१४ मार्च

बैठकीच्या दाराबाहेर बाकावर बसले होते. एकदा आतून टण् ऐकू आलं. कशाचं, कोण जाणे. मग पर्समधला चाचणीचा फोन थरथरला. म्हणजे त्याने चिकटपट्टी काढली तर!

एकेक अक्षर उमटत गेलं. 'कलम राहिलं. दाखवणं बंद करायचं बटण मागितलं, ते पण दिलं. माझं खोडलेलं सगळ्यांनी बघितलं. थांबले सगळे.' मग जरा वेळ काहीच नाही. मग — 'ताई तू बरोबर होती' — आणि ते मागे मागे जात पुसलं गेलं, 'ताई'पर्यंत. तिथून पुढे: 'ताई चहा आलाय. आत ये.'

मी वाचलंय. त्याला सांगणार नाही.