मावळ्याच्या खांद्यावरचं वेल्क्रो

१२ जाने., रवि.
—आणि तो मावळा पडला, अंगरखा खांद्यावर उलगडला, आत वेल्क्रोची पांढरी पट्टी. मी रडत होते. पट्टी दिसली, तरी रडतच राहिले.
अमरावतीत, सिनेमाचा दुपारचा खेळ. दुसऱ्यांदा पाहिला. घरी येऊन चुकांची यादी केली. चौदा. राणीची नऊवारी शिवलेली. तटाला सिमेंट. मावळ्यांच्या पंगतीत टोमॅटो.
शनिवारी कॉलेजच्या फिल्म क्लबात यावरच बोलायचं आहे.

१३, सोम.
यादी विभागप्रमुखांना दिली. ट्रेलरमधला वेल्क्रोचा फोटोही. खुर्चीत रेलून हसले. "मॅडम, शनिवारच्या पोस्टरवर हाच."
सिनेमा आवडला, हे सांगायचं राहिलं.
राहिलं नाही. सांगितलं नाही.

१४, मंगळ.
अकोल्याहून दादाचा फोन. त्याचं दुकान: स्नेहसंमेलनांचे, मिरवणुकांचे कपडे भाड्याने.
"पाह्यला का वं पिक्चर? लढाईतले कपडे आपले!"
पातूरकडे शूटिंग झालं म्हणे. पडद्यावर दिसेपर्यंत कोणाला बोलला नाही.
"मानसं साठच. सकाळी मावळे, दुपारी थेच मोगल. दोन मिनिटात कपडे बदलाचे. गाठी कोन सोडत बसते? म्या वेल्क्रो लावलं. सायेब खूश!"
मी म्हटलं, छान.
शनिवारी येतोय. सोबत त्या सिनेकंपनीचा माणूस. पुढच्या सिनेमाचे सगळे कपडे दादाला द्यायचे की नाही, ते तो ठरवणार. "प्रोफेसर बहीन पिक्चरवर बोलून राह्यली. थ्याले आयकू दे."
यादीचं सांगणार होते. गिऱ्हाईक आलं म्हणून त्याने फोन ठेवला.

१६, गुरु.
भाषणातून वेल्क्रोची स्लाइड काढली. विभागप्रमुख: "पोरं वेल्क्रोसाठीच येतायत, मॅडम." पोस्टरं लागली आहेत. परत टाकली.
दादाचा नंबर दोनदा लावला. दोनदा मीच कापला.

१८, शनि.
हॉल भरलेला. दादा तिसऱ्या रांगेत, कडक इस्त्रीचा सफारी. कंपनीचा माणूस शेजारी. दारावरचं पोस्टर दादाने पाहिलं असणार. तरी मला हात केला.
स्लाइड आली. हॉल फुटला. दादाही हसला. सगळे थांबल्यावरही थोडा वेळ.
मी म्हटलं, "इथे मला रडू आलं होतं. दोन्ही वेळा."
पुन्हा हशा. विनोद वाटला.
"नाही. खरंच."
आणखी हशा.
हे कपडे माझ्या भावाचे, हे वाक्य तोंडाशी आलं. कंपनीचा माणूस मोबाइलवर काही टिपत होता. पुढची स्लाइड घेतली. टोमॅटो.
दादा चहाला थांबला नाही. जिन्यात गाठला.
"आंधी सांगाचं होतं, बाई. म्या थ्याले आनलंच नसतं."
"दादा, सिनेमा मला आवडला."
"हव. पन थे कोनाले सांगतलं तू?"

१९, रवि.
सकाळच्या बसने अकोल्याला गेले. दुकान उघडं होतं. दादा मशीनवर. मान वर न करता म्हणाला, "बस." बसले. कंपनीचा फोन अजून आला नव्हता.