नळी एकाची, घोडा दुसऱ्याचा

अब्बा, गेल्या आठवड्यात मी पलूसजवळच्या एका वस्तीवर पिस्तूल बघायला गेले होते. नळीत दारू ठासायचं, घोडा आपटला की तांब्याच्या इवल्या टोपीवर उडणारं, जोडीतलं एक. साताऱ्यातल्या एका संग्राहकाला हवं होतं. मोबाईलवरच्या फोटोंवर त्याचा विश्वास नाही, माझ्या हातावर आहे. हा हात तुम्ही मारून मारून घडवलात.

रहिमतपूरच्या दुकानातली ती दुपार अजून तशीच आहे. टोपी बसते त्या टोकावर घोडा बरोबर पडतोय, मला दिसतंय, असं मी म्हणाले होते. तुम्ही माझं बोट धरलंत, त्या टोकावर ठेवलंत आणि घोडा सोडलात. मी किंचाळले. अम्मी आतून धावत आली. तुम्ही माझं बोट शांतपणे उजेडाकडं वळवलंत. "नखावरचा वण बघ. मधी हाय का कडंला? डोळ्यानं न्हाई कळत हे." वण कडेला होता. घोडा दुसऱ्याच पिस्तुलाचा होता. नख काळं पडून गळलं, नवं आलं ते दुभंगलेलं. आता मी बोटाऐवजी कागदाचा कपटा ठेवते. तुम्ही असतात तर हसला असतात.

वस्तीवर दोन भाऊ राहतात. थोरला फौजेतून हवालदार होऊन परतलेला, धाकटा ऊस बघणारा. पिस्तूल थोरल्याचं. मी पडवीत बसते. आधी नळीत गज घालते, तो तळाला टेकत नाही.

"हे भरलेलं आहे," मी म्हणते.

"आसंल आज्याच्या काळापासनं," थोरला म्हणतो.

गज बाहेर काढते. टोकाला गंज नाही. दारूचा वास ताजा आहे. तिथेच उठायला हवं होतं. पण हातात चांगली वस्तू आली की मी बघत राहते. घोड्याची पट्टी लाकडात बसते तिथे काळी लाख भरली आहे. नखानं खरवडली तर खाली फट. नळी तपकिरी झालेली, घोडा निळसर. दोघांचं म्हातारपण एका घरात गेलेलं नाही. टोपीच्या टोकावर कपटा ठेवून मी घोडा अंगठ्यानं हळू उतरवते. खूण कडेला उमटते.

"याचा घोडा याचा नाही."

गोठ्याशी उभा असलेला धाकटा हसला. "माज्याकडं हाय त्यो. आज्यानं वाटणी करताना दोघास्नी येक येक दिलं, पर घोडं बदलून. लय शाना म्हातारा. भावाला भावाचा नेम लागू नये म्हनून."

"तू गप रं," थोरला म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "ताई, उडंल का, तेवढं सांगा."

"तुम्हाला विकायचंय ना?"

धाकटाच बोलला. "आवं हवालदार, बॉर्डर राखलीसा म्हनं. हितं वीतभर बांध राखता येईना, आनि बाईमानसाला इचारताय उडंल का."

थोरल्यानं पिस्तूल माझ्या हातातून ओढलं. सदऱ्याच्या खिशातून टोपी काढून बसवली. विकायला काढलेल्या पिस्तुलाची टोपी खिशात कोण ठेवतं? तेव्हा मला कळलं, त्याला गिऱ्हाईक नको होतं. त्याला हत्यार तपासून हवं होतं, आणि घेणाऱ्याइतकं बारकाईनं कोणी तपासत नाही. त्यानं घोडा मागं ओढला, गोठ्याशी जाऊन भावाच्या कपाळावर नळी धरली आणि खटका दाबला.

टक्.

घोडा टोपीची कड चेपून बाजूला उतरला. धाकट्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. मग त्यानं पिस्तूल हिसकावलं आणि पिस्तुलाच्या मुठीनं थोरल्याच्या तोंडावर हाणलं. पुन्हा हाणलं. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज येत होता. थोरला हातसुद्धा वर करत नव्हता. मी मध्ये पडले नाही. प्रत्येक घावाला नळी माझ्याकडं वळत होती, मी फक्त नळीकडं बघत होते. दमल्यावर त्यानं पिस्तूल मातीत टाकलं. मी ते उचललं, टोपी काढली आणि नळी जनावरांच्या हौदात बुडवून धरली, बुडबुडे थांबेपर्यंत.

थोरला भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर रक्त, रक्तात दात. फुटक्या ओठांनी म्हणाला, "ताई, त्याच्याकडचा घोडा ह्याला बसंल का?"

धाकटा दम खात होता, तोही थांबला. दोघं माझ्याकडं बघत होते. त्या क्षणी त्यांच्यात भांडण नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "दोन्ही घोडे तिसऱ्याच पिस्तुलांचे. ही जोडीच नाही."

धाकटा थुंकला. "म्हंजे म्हाताऱ्यानं आमास्नी फशिवलं."

पिस्तूल मी घेतलं नाही. संग्राहकाला फोनवर सांगितलं, सुटे भाग जोडलेला माल आहे.

औंधकडचा एक माणूस अशीच जोडी घेऊन तुमच्याकडं आला होता. ती कुणावर चालणार हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही घोडे जागच्या जागी बसवून दिलेत. त्यानं भावाला गोठ्यात मारलं. पोलिसांनी तुम्हाला नेलं, परत आलात तेव्हा मनगट मोडलेलं होतं, अम्मी तुम्हाला भात भरवत होती. तोंडात घास असताना तुम्ही मला म्हणालात, "पर घोडा बसला कसा, बघितलंस?" त्यानंतर तुमच्याशी मी कामापुरतंच बोलले, तुम्ही जाईपर्यंत.

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

धाकट्याकडचं पिस्तूल मी बघायला मागितलंच नव्हतं, जोडी नाही म्हणाले ते न बघताच. पण घरी आल्यापासून, कणीक मळताना, दार लावताना, त्याचा घोडा मनातल्या मनात थोरल्याच्या नळीवर बसवून बघते. बरोबर बसतो, अब्बा. केसाचाही फरक राहत नाही.