बगळ्याचा नियम

प्रिय बगळ्या,

पाकीट फोडल्याबरोबर लाल कापडाचा एक तुकडा तुझ्या मांडीवर पडला असेल. शिडाचं कापड आहे, कडा मी स्वतः दुमडून शिवल्यात. चिंधी समजून टाकू नकोस, पुढे लागेल. आधी आभार मानतो. आमच्या क्लबच्या होड्यांच्या शर्यतीला प्रमुख पाहुणा म्हणून यायला तू एका फोनवर होकार दिलास. आमच्या चिटणिसाला म्हणालास म्हणे, 'सशाला सांगा, पांढरा सूट इस्त्रीला टाकलाय.' चिटणीस भारावून गेला. मी त्याला म्हटलं, अरे, तो पांढरे कपडे घालूनच जन्माला आलाय, म्हणून तर शाळेत त्याचं नाव बगळा पडलं. लांब पाय, परीटघडीचे कपडे आणि एका पायावर उभं राहून डोळे मिटायची सवय. माझे कान मोठे म्हणून मी ससा. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना आपण दोघंही नीट कळलो होतो, असं आता वाटतं.

इकडची खुशाली सांगतो. माझा शिडांचा कारखाना मुलाने हातात घेतलाय. तो मला यंत्राला हात लावू देत नाही, म्हणून मी दिवसभर क्लबात बसून दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसतो. लोकांनी वैतागून मला अध्यक्ष केलं. पाण्यात वळायच्या खुणेचे तीनही तरंगते बोये रंगवून झाले. पंचांच्या होडीवरचा भोंगा मध्येच म्हशीसारखा हंबरायचा, तो दुरुस्त करून घेतला. होड्यांच्या शेडची मागची भिंत पाडली, पण शेजारची छोटी खोली तशीच ठेवली. लोकांनी विचारलं, ही कशाला ठेवता, सामान ठेवायलासुद्धा पुरत नाही. मी म्हटलं, असू दे. फळ्यांची आहे, हवा खेळती राहते. ती खोली तुला आठवत असेलच. तक्रारींची सुनावणी पूर्वी तिथेच व्हायची.

तू हा क्लब सोडून समुद्रावरच्या मोठ्या क्लबात गेलास त्याला जमाना झाला. तिकडे सगळं छापील कागदावर चालतं, म्हणून इथली पद्धत आठवून देतो. आपल्याकडे शर्यतीच्या सकाळी शेडमध्ये सगळे जमतात आणि पाहुणा नियम मोठ्याने वाचून दाखवतो. निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं तेव्हापासूनची ही रीत. आता सगळ्यांना येतं, पण रीत सुटली नाही, कारण मजा नियमांत नाही, त्यांच्या नावांत आहे. ज्याच्या पराक्रमामुळे नियम करावा लागला, त्याचंच नाव नियमाला. लाईफ जॅकेटचे पट्टे धक्क्यावरच बांधायचे, हा डॉक्टरांचा नियम; ते पट्टे बांधत बांधत होडीत चढायला गेले, एक पाय धक्क्यावर, एक होडीत, आणि होडी निघाली. बोयाला घासलात तर तिथल्या तिथे एक गोल चक्कर मारून मगच पुढे जायचं, हा बेकरीवाल्याचा. तो दरवेळी घासायचा आणि वर म्हणायचा, 'मी सरळच होतो, बोया अंगावर आला.' भोंग्याआधी रेघ ओलांडली तर मागे येऊन पुन्हा निघायचं, हा जावयाचा नियम. डॉक्टरांचा जावई; सासऱ्यांच्या आधी पोचायची त्याला नेहमीच घाई. नियम वाचून झाला की सगळे ओरडतात, 'कोण हा?' मग पाहुण्याने त्या माणसाची गोष्ट सांगायची. गोष्ट संपली की अख्खी शेड एका आवाजात म्हणते, 'ऐकलं!' मग पुढचा नियम. एकदा 'ऐकलं' म्हटलं की कोणी 'मला माहीत नव्हतं' म्हणायचं नाही.

दोन नियम मात्र बिननावाचे होते, कारण ते आपल्या आधीपासूनचे. एक तक्रारीचा. तक्रार करायची तर लाल कापड फडकवायचं आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायची. पाठीमागून केलेली तक्रार चालत नाही. आणि दुसरा मदतीचा. कोणी बुडत असेल तर शर्यत गेली खड्ड्यात, आधी त्याला काढायचं. काढणाऱ्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही. तो मागे फिरला तेव्हा ज्या नंबरावर होता, तोच नंबर त्याला मिळतो. अट इतकीच की ज्याला काढलं, त्याने पंचांना तसं सांगितलं पाहिजे.

आपली ती शर्यत तुला आठवते, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तू ती दर कार्यक्रमाला सांगतोस. जो जिंकेल त्याला क्लबात शिकवायची नोकरी आणि राहायला शेडवरची खोली मिळणार होती. तू तेव्हाच्या चिटणिसांचा पुतण्या, तुझी होडी नवीकोरी. मी शिडं शिवणारा. भंगारात काढलेली होडी ठिगळं मारून उभी केलेली. गुणांत तू पुढे होतास. मला शेवटची फेरी जिंकावीच लागणार होती, आणि मी जिंकत होतो. शेवटचा बोया माझ्यामागे पडला होता, समोर शेवटच्या रेघेवरची पंचांची होडी दिसत होती. तेवढ्यात वाऱ्याचा एक थपाटा आला आणि मागे धप्प असा आवाज झाला. माझे कान असे, की आवाजावरूनच कळलं, होडी उलटली आणि माणूस वर आला नाही. मी वळलो. तू शिडाखाली होतास, पायाला दोरीचा फास. मी शीड उतरवलं, उडी मारली, शिडं कापायच्या चाकूने दोरी कापली. पाण्यात दिसत नव्हतं, चाकू तुझ्या घोट्याला लागला. तुला वर काढलं तेव्हा तू माझी मान इतकी घट्ट धरली होतीस की आपण दोघं बुडायचो. म्हणत होतास, 'सोडू नकोस, सशा, सोडू नकोस.' नाही सोडलं. बाकीच्या होड्या शेजारून गेल्या. मी शेवटून दुसरा आलो.

मला वाईट वाटलं नव्हतं. खरंच नाही. नियम होता ना! मी पंचांना सांगितलं, त्यांनी तुला आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. अंगातून पाणी गळत होतं, पाठ फळ्यांना टेकली होती. तुला वाटलं, दार लावलं म्हणजे झालं. बगळ्या, फळीला फट असते आणि मला कान आहेत. पंच म्हणाले, 'त्याने तुला वाचवलं का?' तू घसा साफ केलास. मग म्हणालास, 'मी माझा सुटलोच होतो. तो उगाच मागे फिरला.'

उगाच.

बाहेर आलास तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, 'मी खूप सांगितलं रे. ऐकलंच नाही त्यांनी.' तेव्हाच लाल कापड फडकवायला हवं होतं, आरोळी ठोकायला हवी होती. पण धक्क्यावर माझी धाकटी बहीण उभी होती, आणि तुला जिवंत बघून तिचा चेहरा कसा झाला होता तो मी पाहिला. पाण्यातून निघालास तेव्हा ती माझ्याकडे नाही, तुझ्याकडे धावली होती. मी मूग गिळले. नोकरी तुला, खोली तुला, वर्षभरात धाकटीही तुला. लग्नात तूच सगळ्यांना सांगत होतास, याच्यासाठी मी पंचांशी किती भांडलो! मी मान डोलावली. वडील म्हणाले, 'जावई दिलदार आहे.'

त्यानंतर मी माझी करमणूक शोधली. तुझ्याकडे पाहुणे आले की मीच विषय काढायचो. 'बगळ्या, ती पंचांची गोष्ट सांग की, पहिल्यापासून सांग.' आणि तू सांगायचास. पहिली काही वर्षं तू नुसता भांडलास. मग टेबलावर मूठ आपटलीस. मग पंचांच्या अंगावर धावून गेलास. पुढे खुर्ची मोडलीस. त्या खोलीत खुर्ची नव्हतीच, पंच खोक्यांवर बसायचे, पण मी म्हणायचो, वा! लोक टाळ्या द्यायचे, मी सगळ्यांत मोठी द्यायचो. पतंगाला ढील द्यावी तशी मी देत गेलो. म्हटलं, कुठवर जातो ते बघू.

तू कुठवर गेलास ते तुझ्या निवृत्तीच्या समारंभात कळलं. भरल्या हॉलमध्ये, हातात माईक, तू म्हणालास, 'त्या दिवशी मी सशाला पाण्यातून ओढून काढलं, नाहीतर आज तो इथे बसला नसता.' मी पहिल्या रांगेत होतो. तुझी नात माझ्या मांडीवर होती. ती हळूच म्हणाली, 'मामाआजोबा, तुम्हाला पोहता येत नव्हतं?' लोक माझ्याकडे वळून हसत टाळ्या वाजवत होते आणि माझे हात वर उठेनात. बगळ्या, तू माझी नोकरी घेतलीस, ते ठीक. मी त्याहून मोठं काही उभं केलं आणि तुझ्या मोठ्या क्लबची शिडंही आज माझ्याच कारखान्यातून जातात. पण ती उडी माझी होती. त्या शर्यतीतून मला तेवढं एकच मिळालं होतं.

घरी आल्यावर मी मदतीचा नियम काढून बसलो आणि त्याला एक शेपूट जोडलं. 'ज्याला पाण्यातून काढलं, त्याने किनाऱ्याला लागताच, ओले कपडे बदलण्याआधी, सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं की मला अमक्याने वाचवलं. बंद खोलीत सांगितलेलं धरणार नाही.' सभेत एकमताने मंजूर झाला. मग नाव काय, असा प्रश्न आला. मी म्हटलं, बगळ्याचा नियम. सगळे ओरडले, 'कोण हा?' मी म्हटलं, थांबा, तो स्वतः येऊन सांगेल. तेव्हापासून क्लबात नुसता उत्साह आहे. बेकरीवाला तर म्हणतो, एवढा मोठा बगळा कोण, ते बघायला मी दुकान बंद ठेवून येणार.

खुर्ची मोडल्याची गोष्ट सांगून वेळ मारून नेशील, असं मनात आलं असेल तर एक सांगतो. त्या दिवशी खोलीत बसलेल्या तीन पंचांपैकी घड्याळजी अजून आहेत. कान पार गेले होते, मी त्यांना ऐकायचं यंत्र घेऊन दिलं. परवा लावून बघितलं. म्हणाले, 'आता मला मुंगीची ढेकरसुद्धा ऐकू येते.' त्यांना पहिल्या रांगेत बसवतोय. तुझं ते वाक्य त्यांना तोंडपाठ आहे. 'उगाच' हा शब्द त्यांनाही तेव्हा खटकला होता म्हणे.

ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला नाही, म्हणून आता पत्राचं कारण सांगतो. ते लाल कापड म्हणजे माझी तक्रार, आणि हे पत्र म्हणजे माझी आरोळी. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्या कानावर ती आधी गेली पाहिजे, ती पोचली. तक्रारीची मुदत केव्हाच टळली, खरं आहे, पण सबळ कारण असेल तर मुदत वाढवता येते आणि तो अधिकार अध्यक्षाचा. माझ्याच तक्रारीत मी पंच होऊ शकत नाही, म्हणून पंच दुसरा नेमला. धाकटी रविवारपासून माझ्याकडे आहे. शर्यतीच्या तयारीला मदत करते असं तुला सांगून आली, ते खरंच आहे. समारंभात तिने माझे मांडीवर पडलेले हात पाहिले होते. आल्या आल्या म्हणाली, 'दादा, त्यांच्या घोट्यावरचा वण सायकलच्या साखळीचा, असं ते सांगतात. खरं आहे?' इतकी वर्षं जो प्रश्न कोणी विचारला नव्हता, तो तिने विचारला, आणि मला खोटं बोलता आलं नाही. ती रडली नाही. नियम दोनदा वाचला आणि म्हणाली, 'शब्द बरोबर आहेत, बदलू नकोस.' हे पत्रही तिने वाचलंय, पाकीट तिनेच चिकटवलंय. तू आला नाहीस, तर नियम ती वाचेल आणि गोष्टही तीच सांगेल. आलास, तर तू काय सांगतोस ते घड्याळजींच्या शेजारी बसून ऐकेल, आणि तुझ्याबरोबर परतीच्या गाडीत बसायचं की नाही, ते मग ठरवेल. मी तिला काहीही सुचवलेलं नाही. पंचांना सुचवायचं नसतं. तेव्हा ये, बगळ्या. पांढरा सूट घालूनच ये. शेड गच्च भरलेली असेल, दार उघडं असेल. मोठ्याने वाच, मोठ्याने सांग. तुझं बोलून झालं की सगळे म्हणतील, 'ऐकलं!' मी त्यांच्यात ओरडणार नाही. मी ते बाकावर बसून त्या दिवशीच ऐकलंय.

तुझाच, उगाच मागे फिरलेला,
ससा